जयवंताचं बोट

कोरोनातून उठून रक्षा घरी आली, तेव्हा सासूबाईंनी दारातच तीनदा भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि तिन्ही वेळा ताट जयवंताच्या हातात होतं. मोठी सून म्हणजे ताट धरायला, हे त्या घरात ठरूनच गेलेलं. नीलेश आणि धीरज या दोन भावांचं सेलूच्या बाजारात किराणा दुकान. जयवंता थोरल्याची बायको, रक्षा धाकट्याची. जावा जावा, उभा दावा असं लोक म्हणतात, पण या दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं. भांडायला दोघी लागतात. इथं जळत होती ती एकटी जयवंता, आणि रक्षाला त्याचा पत्ताही नव्हता. जयवंताला तेच जास्त लागायचं.

"बारा दिवस ऑक्सिजनवर राहून आली माही पोर," सासूबाई, म्हणजे अनुसयाबाई, भिंतीपलीकडच्या सीताबाईला ओरडून सांगत होत्या. "देवानंच परत देल्ली!"

घरातला एकुलता एक कूलर रक्षाच्या खोलीत गेला. मे महिन्याच्या उन्हात जयवंता चुलीपुढं आणि रक्षा कूलरपुढं. सकाळी मोसंबीचा रस, दुपारी नारळपाणी, संध्याकाळी मुगाचं पातळ वरण. करणारी कोण? जयवंता. खोलीत नेऊन देणारी कोण? जयवंताच. "तुले काई होत नाई, तू त लोखंडाची हायेस," असं अनुसयाबाई म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या की हे कौतुक आहे.

लोखंडाची! एप्रिलमध्ये याच लोखंडाला चार दिवस ताप होता. तोंडाची चव गेली होती, दम लागत होता, भाकरी थापताना हात गळून पडायचे. तपासणी करावी तर दुकान बंद करावं लागेल, म्हणून तिनं तोंडातून ब्र काढला नाही. वाटलं, कोणीतरी विचारेल. नीलेशनं विचारलं ते एवढंच, की वरण एवढं खारट काऊन झालं. चव कळत नसलेली बाई अंदाजानं मीठ टाकते, हे त्याला कुठून कळणार! महिन्याभरानं तोच कोरोना रक्षाला झाला, तर तिच्यासाठी वर्ध्याच्या दवाखान्यापर्यंत रांग. आजारी पडावं तर असं पडावं, जयवंता मनात म्हणायची, आणि भांडी जरा जास्तच आपटायची.

घरी सोडताना दवाखान्यानं सांगितलं होतं की बोटाला लावायच्या मशीनवर दिवसातून तीनदा ऑक्सिजन बघायचा, वहीत लिहायचा, आणि चौऱ्याण्णवच्या खाली गेला की लगेच परत यायचं. नर्सनं वर बजावलं होतं, "नखाला पॉलिश, मेंदी काही नको. आकडा चुकतो." अनुसयाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, धीरज सकाळपासून दुकानात. वही जयवंताकडे आली.

आणि दुसऱ्याच दिवशी अनुसयाबाईंनी मेंदीचा कोन आणवला. सवाशीण मरणाच्या दारातून परत आली, तिचे हात कोरे कसे ठेवायचे?

"आत्याबाई, नर्सबाई नाई म्हणत होत्या," जयवंता म्हणाली.

"नर्सले काय समजते आपल्या घरचं? तू लाव, तुहा हात चांगला हाये."

लावली. तोंडाला फडकं बांधून जयवंतानं धाकट्या जावेच्या हातांवर वेली काढल्या, दहाही बोटांची टोकं नखांसकट रंगवली. तिच्या स्वतःच्या हाताला मेंदी लागली होती ती लग्नात. त्याला एकवीस वर्षं झाली.

बुधवारी सकाळी मशीननं ब्याण्णव दाखवले.

"बाई, मले दम लागून राह्यला थोडा," रक्षा म्हणाली.

जयवंतानं तिच्या नखांकडे पाहिलं. लालभडक. मेंदीमुळंच, दुसरं काय! पण सांगायला गेलं तर पुन्हा घरभर धावपळ, पुन्हा गाडी, पुन्हा सीताबाई भिंतीवर. तळपायाची आग मस्तकाला गेली. ती मशीन घेऊन स्वयंपाकघरात आली आणि काय मनात आलं कोण जाणे, तिनं ते आपल्या बोटाला लावलं. इतक्या दिवसांत हे मशीन घरातल्या कोणी तिच्या बोटाला लावलं नव्हतं. लाल उजेड पडला, आकडे हलले आणि थांबले. सत्त्याण्णव. तिला उगीचच बरं वाटलं. शाळेत पहिला नंबर आल्यासारखं.

तिनं वहीत लिहिलं, सत्त्याण्णव.

दुपारीही तेच; मशीनचं तोंड आपल्याकडे वळवून ती रक्षाला नुसतं "चांगला हाये" म्हणायची. गुरुवारी रक्षाचे एक्क्याण्णव आले, वहीत सत्त्याण्णव. शुक्रवारी एकोणनव्वद आले, तेव्हा हात क्षणभर थांबला. मेंदी तर होती तेवढीच होती. आकडा का खाली जातोय? हा प्रश्न तिला पडला, खोटं कशाला बोलायचं! पण त्याच वेळी बाहेरून अनुसयाबाई म्हणाल्या, "जयवंता, रक्षाच्या खोलीतला कूलर रिकामा झाला, पाणी टाकजो." प्रश्न तिथंच विझला. चोरालाही थोडं तारतम्य असतं, म्हणून तिनं या वेळी शहाण्णव लिहिले.

शनिवारी सकाळी मोरीकडे जाताना रक्षा भिंतीला धरून खाली बसली. ओठ जांभळे झाले होते. धीरजनं तिला उचलून गाडीत टाकलं. "वही घ्या!" असं तो ओरडला, म्हणून जयवंता वही घेऊन मागं बसली. सेलू ते वर्धा रक्षाचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि मेंदीचे हात तिच्या पदराला धरून.

दवाखान्याच्या दारातच डॉक्टरबाईंनी मशीन लावलं. अठ्ठ्याहत्तर. त्यांनी वही उघडली.

"काल संध्याकाळी शहाण्णव? आणि आज हे?" त्या धीरजकडे वळल्या. "इतकं अचानक पडलं असेल, तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकली असणार. स्कॅनला नेण्याइतका वेळ नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यावं लागेल. त्यानं आत रक्तस्राव होऊ शकतो, डोक्यातही. पण थांबता येणार नाही. सही करा."

धीरजनं पेन घेतलं.

गप्प बसलं, तर कोणालाही कधीही कळणार नव्हतं. वहीवर अक्षर तिचं, साक्षीला कोणी नाही. रक्षा गेली, तर कोरोनानं गेली म्हणतील. हा विचार तिच्या मनात पुरता आला, अगदी शेवटपर्यंत आला, आणि स्वतःचीच तिला भीती वाटली.

"थांबा!" ती ओरडली. "ते आकडे तिचे नोहोत. माहे हायेत."

"म्हणजे?"

"माह्या बोटाचे वहीत लेयले. तिचे बुधवारपासून खालीच जाऊन राह्यले. ब्याण्णव, एक्क्याण्णव, एकोणनव्वद. काल संध्याकाळी सत्त्याऐंशी."

धीरज तिच्याकडे नुसता पाहत राहिला. डॉक्टरबाईंना मात्र पाहायलाही वेळ नव्हता. "हळूहळू उतरत गेलं? नक्की? मग हे इंजेक्शन नको. न्यूमोनिया वाढलाय. आत घ्या, ऑक्सिजन लावा!" स्ट्रेचर निघालं. जाता जाता त्या म्हणाल्या, "आत्ता बोललात ते बरं झालं. तीन दिवस आधी बोलायला हवं होतं."

संध्याकाळी घरी अनुसयाबाईंनी तिला दारातच धरलं.

"माह्या घरात साप पोसला मी! काऊन केलं असं? तिनं तुहं काय घेतलं होतं?"

"कूलर," जयवंता म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली. "मलेही झालता कोरोना, आत्याबाई. एप्रिलमध्ये. दम लागे, तरी तुमच्या भाकरी थापल्या मी."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही विचारलं काऊन नाई?"

अनुसयाबाईंनी धरलेला तिचा हात सोडला. नीलेश ओट्यावर मान खाली घालून बसला होता. वरण खारट झालं होतं, ते त्याला आता आठवलं असावं.

सतरा दिवसांनी रक्षा परत आली. या वेळी ओवाळणं नाही, मेंदी नाही. धीरज जयवंताशी बोलत नव्हता. रक्षाला सगळं कळलं होतं. ती मशीन आता उशीखाली ठेवायची आणि आपलं आपण बघायची. जयवंता रस घेऊन आली, की मूठ मिटून घ्यायची. जयवंता पेला ठेवून मुकाट्यानं निघून जायची. तिचं चुकलंच होतं, त्यात बोलायला काय उरलं होतं!

आठव्या दिवशी पेला ठेवून ती वळली, तर मागून हाक आली.

"बाई, बोट द्या."

"काऊन?"

"द्या म्हणते ना."

रक्षानं तिचं बोट ओढून मशीनमध्ये घातलं. आकडा थांबला, तशी ती सगळ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली, "अठ्ठ्याण्णव!"

स्वयंपाकघरातून अनुसयाबाईंचा आनंदी आवाज आला, "वा वा! आज लय चांगला आला तुहा!"

"माहा नाई, आत्याबाई. जयवंताबाईचा!"

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग अनुसयाबाई पदराला हात पुसत दारात आल्या आणि अधू डोळ्यांनी मशीनकडे वाकून बघायला लागल्या. "दाखव त," त्या म्हणाल्या.

जयवंताचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी आत खोलवर ती जुनी कळही उठली. माफ करण्यातसुद्धा हिचाच नंबर पहिला! पण तिनं बोट काढून घेतलं नाही.