तिळाचा एकच लाडू

त्या लाडवातून शेंगदाण्याची एक पाकळी बाहेर डोकावत होती, म्हणूनच दैवशालाच्या लक्षात आलं की नोमानने तिच्या लेकीच्या, आकांक्षाच्या तळहातावर परत ठेवला तो तोच — आकांक्षाने दिलेलाच. घेतला, हुंगला, परत दिला. म्हणजे नको... नऊ वर्षांत पहिल्यांदा लेकीला भेटायला म्हणून कुणी पोर घरी आलं, आणि संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ परत!

भोकरदनहून जालन्याला, स्वमग्न मुलांच्या शनिवारच्या वर्गाला, दोघं एकाच बसने जातात. आकांक्षा खिडकीशी, नोमान तिच्यामागच्या सीटवर, आणि तो नसला की ती बसमध्ये चढतच नाही — एवढ्याच भांडवलावर दैवशालाने आज नोमानला आणि त्याच्या आईला घरी बोलावलं होतं. गल्लीतल्या बाया दर संक्रांतीला आकांक्षाची हनुवटी धरायच्या, ‘गोड बोला म्हण, म्हण ना’, आणि न बोलणारी लेक कान झाकून पलंगाखाली शिरायची. यंदा तसं नको, निदान एक तरी सोबती... देवा, मी काय फार मागते?

“खा ना बाबा,” ती नोमानवर वाकलीच. “गोड हाय. घे, खा जल्दी.”

नोमान थिजला. आकांक्षाचे हात, लाडवासकट, कानांवर गेले.

“राहू द्या ना ताई,” नोमानची आई मैमूना चहाचा कप खाली ठेवत म्हणाली. “खेळून राह्यले ते. अठरा वेळा झालं, बराबर मोजलं मी.”

अठरा वेळा! म्हणजे आपण आत चहा गाळत होतो तेव्हापासून हा लाडू ह्या हातातून त्या हातात... आणि आपल्याला दिसला तो फक्त परत आलेला. शहाणीच मी! दर वेळी लाडू देताना आकांक्षाच्या टाचा उचलल्या जात होत्या, असंही मैमूना सांगत होती — टाचा, ज्या ती फक्त लांबून बस येताना दिसली की उचलते. दैवशालाला आनंदाने रडूच येणार होतं, पण त्याआधी स्वतःचा राग आला. मोडला ना मी डाव. आता ही पलंगाखाली जाणार.

ती गेली नाही. तिने कानांवरचे हात काढले, कुणाकडेच न बघता पुढे आली आणि लाडू आईच्या तळहातावर ठेवला. कोमट, चिकट, दाणा पार सैल झालेला. खायचा नाही, एवढं तर दैवशालाला कळलं होतं. पण द्यायचा कुणाला — लेकीला, की नोमानला? काहीतरी नियम असणार, तो ह्या दोघांनाच ठाऊक. मैमूना तोंडावर ओढणी धरून हसत होती. दोन्ही पोरं दैवशालाच्या हाताकडे टक लावून थांबली होती, आणि तिच्या स्वतःच्याच टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या होत्या.