दुपारची गोळी

नायगावच्या बीडीडी चाळीत गोळ्या साखर-पत्तीसारख्या उसन्या मिळायच्या. कुणाचं डोकं धरलं, कुणाला पित्त झालं, की शेजारीण डब्यातली स्ट्रिप काढून पुढे करायची. कमल पेडणेकरची झोपेची गोळी मात्र तिची स्वतःची होती. नवरा गुणाजी याची गिरणी बंद पडली तेव्हा भोईवाड्यातल्या डॉक्टरांनी तिला लिहून दिलेली. पुढे डॉक्टर वारले, त्यांच्या दवाखान्यात मोबाइलचं दुकान आलं, पण गोळी चालूच राहिली. केमिस्ट ओळखीचा, कागद कोण मागतो? "माझ्या अंगवळणी पडलीय," असं कमल मोठ्या तोऱ्यात सांगायची. पंचाहत्तरी उलटली तरी ती तेवढीच गोळी घेत होती, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये राहायला आल्यावर तिचं बिनसलं. रात्री उठून ती दार उघडायची आणि चाळीतल्या सवयीनं पॅसेजच्या टोकाचा संडास शोधत लिफ्टपाशी जायची. एकदा तर समोरच्यांचं दार ठोठावून म्हणाली, "आत कोण आहे? लवकर निघा!" शेजाऱ्यांनी तोंडं वाकडी केली. भाजीत मीठ दोनदा पडायचं, बोलता बोलता डुलकी लागायची. मुलगा राजेश म्हणाला, "आईचं वय झालं, आता असंच चालायचं." वय झालं म्हटलं की पोराबाळांची सुटका होते.

त्यातच गुणाजीला अर्धांगाचा झटका आला. सून राधा नोकरी सांभाळून सासऱ्याचं हगणं-मुतणं काढत होती, हे मान्य. पण दोन म्हाताऱ्यांमागे धावताना तिचा जीव मेटाकुटीला आला, आणि तिनं चाळीतलाच उपाय केला. कमलच्याच स्ट्रिपमधली आणखी एक गोळी ती दुपारच्या चहासोबत देऊ लागली.

"रात्री घेतात तीच तर आहे," ती राजेशला म्हणाली. त्यानं मान डोलावली.

गुणाजी अशाच एका दुपारी गेला. कमलला धरून आणून त्याच्या उशाशी बसवलं. ती नुसती डोळे मिचमिचवत राहिली. जमलेल्या बायका म्हणाल्या, बाई धीराची हो!

मग कमल बाथरूममध्ये पडली आणि तिचं मनगट मोडलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टर स्पृहांनी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, या वयात लिव्हर, किडनी मंदावतात. पूर्वी सकाळपर्यंत उतरायची ती गोळी आता दुसऱ्या दिवशीही अंगात असते. वरून तुम्ही आणखी एक देताय? यांना वेडबिड काही लागलेलं नाही, गोळी चढलीय." एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा, असंही त्यांनी बजावलं.

पावसाळा सरेपर्यंत कमल ताळ्यावर आली. आई पहिल्यासारखी झाली म्हणून राजेशनं पेढे आणले. कमलनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "हे गेले तेव्हा मी कुठं होते?"

"आतल्या खोलीत," राधा म्हणाली. "झोपला होतात."

"काही बोलले का?"

राधानं राजेशकडे पाहिलं. मग एकदाचं बोलून टाकलं. "हाका मारत होते. जीभ वळत नव्हती, पण तेवढं कळायचं. 'कमल, हंय ये गे.' इकडे ये म्हणून, पुन्हा पुन्हा तेच. मी तुम्हाला गदागदा हलवलं, आई. तुम्ही उठलाच नाहीत."

"चहा दिला होतास ना गे?"

राधा रडायलाच लागली. कमलला तिचा संताप आला, राजेशचा आला, त्या मेलेल्या डॉक्टरांचाही आला. सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या तोऱ्याचा.

"आई, जाऊ दे ना आता," राजेश म्हणाला. "तू जागी असतीस तरी काय करणार होतीस? डॉक्टरांनीही हात टेकले होते."

"ओ दिली असती," कमल म्हणाली. "'इलंय, आले हो' म्हटलं असतं. आणखी काय मागत होते रे ते?"