लायलची कवळी आणि माझं घर

आमचा लायल कधी चुकत नाही. चुकतं ते जग. म्हणून समुद्राकाठच्या मेरिम्बुलातलं घर विकून उरलेलं आयुष्य मोटारहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, काढायचं त्यानं ठरवलं, तेव्हा बायकोला विचारायची त्याला गरजच वाटली नाही. माझी मुलं ज्या घरात वाढली, ज्याच्या मागचं लिंबाचं झाड मी लावलं, ते घर! मी रडले, भांडले, अबोला धरला. शेवटी तोच छाती फुगवून म्हणाला, "ग्लेनिस, चल, मोटारहोम घेऊन भर हिवाळ्यात डोंगरावर जाऊन राहू. तिथे मी एकदा जरी ‘थंडी वाजते’ म्हटलं ना, तर घर विकणार नाही. शब्द!"

मी लगेच हो म्हटलं.

निघताना त्यानं घराजवळच टाकी काठोकाठ भरली.

"अरे, वर डोंगरात जिंडाबाईनला पोचल्यावर भर ना," मी म्हटलं. माझा भाऊ तिथे बर्फात बस चालवायचा, म्हणून मला ठाऊक. "समुद्राकाठचं डिझेल वर गोठतं, तिथलं खास थंडीसाठी केलेलं असतं. आणि आपला हीटरसुद्धा त्याच टाकीवर चालतो."

"तुझ्या भावाला कोणीही गंडवतं! पर्यटकांना लुटायचे धंदे आहेत ते."

संध्याकाळी वर पोचलो, तर मोटारहोम लावायच्या पार्कातले सगळे आपापली खुर्ची आणि आपापली बाटली घेऊन जमले; तिथे म्हणे रोजच जमतात. लायलनं त्यांच्यापुढे तासभर अक्कल पाजळली. शेजारच्या गाडीतल्या रोनानं मधेच विचारलं, "लायल, डिझेल इथलंच ना रे?" त्यानं ऐकूच आलं नाही असं दाखवलं आणि हीटरचं कौतुक पुढे चालू ठेवलं.

पहाटे तो हीटर दोनदा खोकला आणि कायमचा गप्प झाला. उजाडल्यावर बघते तर खिडकीला आतून बर्फ, नळाला पाणी नाही, गाडी चालू होईना. मी तीन स्वेटर घालून बसले होते. लायल कानटोपीत कुडकुडत होता.

"थंडी वाजतेय का रे?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली, पण तोंड काही उघडेना. मला नवल वाटलं. एरवी ह्याच्या तोंडाचा पट्टा बंद करायला भूकंप लागतो! मग माझी नजर ओट्यावरच्या प्लास्टिकच्या पेल्याकडे गेली. रात्री काढून ठेवलेली त्याची कवळी, वरची आणि खालची, बर्फात घट्ट रुतून बसली होती. चांगली हसत होती मेली.

तेवढ्यात फोन वाजला. घराचा दलाल क्लिंटन. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"ग्लेनिस, गिऱ्हाईक समोर बसलंय. लायलनं एकदा हो म्हणावं, की झालं!"

लायल झेपावला आणि अडखळून थांबला. कवळीशिवाय तो माझ्याशीसुद्धा बोलत नाही. त्यात दारावर थाप पडली. रोना हातात किटली घेऊन उभी होती.

"गरम पाणी हवंय का गं?"

"मला नको. ह्याला हवंय. कशाला, ते तोच सांगेल."

लायलनं हातानं तोंड झाकून पेल्याकडे बोट दाखवलं. मी पेला उचलून पाठीमागे धरला.

"हॅलो? लायल?" क्लिंटन ओरडत होता.

"बोल ना," मी म्हटलं. "काय होतंय तुला?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, रोनाकडे पाहिलं, किटलीच्या वाफेकडे पाहिलं.

"थंडी वाजतेय!" बोळक्या तोंडानं तो ओरडला. "वाजतेय थंडी! ओत आता!"

"ऐकलंस ना, क्लिंटन?" मी म्हटलं. "घर विकायचं नाही." आणि फोन ठेवून मी ढसाढसा रडले. रोनानं पाणी ओतलं.

आता आम्ही घरीच आहोत. काल लिंबाखाली लायल शेजाऱ्यांना सांगत होता, "मी तर राहिलो असतो हो जन्मभर! पण ग्लेनिसला थंडी सोसेना. बायकांचं हे असं."

"हो ना," मी म्हटलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला माझ्या स्वयंपाकघरात गेले.