कोपऱ्यातली लेक

चित्र.

सभेचं थेट प्रक्षेपण सुरू होतं. पडद्यावर पाणीपुरवठ्याचे अध्यक्ष ऐसपैस, आणि खाली कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत, आमची लेक. ते बोलणार, ती हातांनी सांगणार. संध्याकाळी व्हिडिओ काढून टाकणार होते. तेवढा कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, असं तिने बजावलं होतं. तो परीक्षक बाईंनी पाहून पसंत केला तरच तिची नोकरी कायम होणार होती.

मी सुतार. नको तो भाग कापायची सवय. रेकॉर्डरची चौकट ओढली आणि नेमकी लेकीभोवती बसवली. अध्यक्ष गेले. लेक पडदाभर.

आवाज.

नाही.

आम्ही नवरा-बायको दोघंही जन्मापासून बहिरे. कॉम्प्युटरला स्पीकर कधी जोडलाच नाही. रेकॉर्डरमध्ये आवाजाचंही एक बटण असतं, हे लेकीने घरी आल्यावर सांगितलं. तोवर मूळ व्हिडिओ गेला होता.

ती रागावली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आमच्या घरात यालाच गप्प बसणं म्हणतात.

हिने मात्र मला दोन्ही हातांनी ऐकवलं, "हात दाखवून अवलक्षण."

पुन्हा चित्र.

लेकीने जे झालं ते बाईंना कळवलं. त्या भाषणाचा शब्दशः छापील वृत्तांत घेऊन घरीच आल्या. आवाजच नाही तर बोलणं आणि हात जुळतात का, हे कसं ताडून पाहायचं, असं त्यांनी हातांनीच विचारलं.

हिने बाह्या सरसावल्या. "मी सांगते. तुम्ही कागद बघा."

व्हिडिओ लावला. ही लेकीचे हात बघत सांगत गेली: जुन्या वाहिन्या, गळती, नवे मीटर. बाईंचं बोट ओळींवरून सरकत होतं. मधेच ही खुदकन हसली. बाईंचं बोट अडलं, खाली उतरलं, आणि मग त्याही हसल्या. अध्यक्षांनी तिथे स्वतःच्याच न्हाणीघरातल्या गळक्या नळाचा किस्सा सांगितला होता.

"सभागृहात यावर कुणी हसलं नव्हतं," लेक म्हणाली.

बाईंनी कागद मिटला. दोन्ही हात उंचावून पंजे हलवले. आमच्यात टाळ्या अशाच वाजवतात.

नोकरी कायम झाली. आता येईल त्याला मी व्हिडिओ दाखवतो. काल मेहुण्याने विचारलं, यात अध्यक्ष कसे दिसत नाहीत?

"रंध्याखाली गेले," मी सांगितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.