कुशीबाबांची ऊब

कापडबाजाराच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बंद दुकानाच्या पायरीवर कुशीबाबा बसले होते. आजारी मांजर मांडीवर घ्यायचे, वर शाल ओढायचे, की आतून घुरघुर सुरू. "ऐका, रोग रडतोय, निघाला तो," असं बाबा म्हणायचे आणि लोक हात जोडायचे. कुत्र्याला मात्र बाबा हात लावत नसत. कुत्र्याचा रोग म्हणे हट्टी असतो. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

आमच्या शिवणकामाच्या दुकानातला बोका म्हणजे मुकादम. मशीनांमधून असा फिरायचा की कारागीर गप्पा थांबवून कामाला लागायचे. माझ्या आत्याचा तर जीव की प्राण. त्याला शिंका आल्या, नाक वाहू लागलं, तशी आत्याने बाबांकडे धाव घेतली. बाबांनी मंतरलेलं तेल दिलं आणि घशात खोल सोडायला सांगितलं. आता आमच्याकडे तेल सोडायला हाताशी काय असणार? मशीनला तेल घालायची लांब चोचीची कुपी. आत्याने कोरी आणली, उकळत्या पाण्याने धुतली आणि रोज त्याचा जबडा धरून तेल ओतलं. बोका ठसकायचा. आत्या म्हणायची, रोग भांडतोय.

मग त्याने खाणं सोडलं. मान ताणून बसायचा, प्रत्येक श्वासाला पोट भात्यासारखं हलायचं. डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तर आत्या उसळली, मला सगळ्यातच खोट दिसते म्हणाली आणि त्याला घेऊन पुन्हा बाबांकडे निघाली. मीही दातओठ खात मागोमाग गेले.

शालीखाली घुरघुर झाली, हात जोडले गेले. पण मुकादमाचं तोंड उघडं होतं आणि हिरड्या निळसर दिसत होत्या. मी सरळ शालीत हात घातला, तर चटका बसला.

"बाबा, मांडीला ताप आलाय का?"

"ती तपाची ऊब आहे, मुली."

"मग तपाला बूच कशाला?" म्हणत मी शाल ओढली. गरम पाण्याची रबरी पिशवी घरंगळत पायरीवर पडली. लोक हसले. आत्या हसली नाही. तिने बोका उचलला आणि दोघी दवाखान्यात पळालो.

डॉक्टरबाईंनी आधी त्याला ऑक्सिजन लावला, मग एक्स-रे काढला. मांजर सुखात घुरघुरतं तसं दुखण्यात आणि भीतीतही घुरघुरतं, कुडकुडणाऱ्याला ऊब मिळाली इतकंच, असं त्यांनी समजावलं. घरी काय दिलं, असं विचारल्यावर आत्याने पिशवीतून कुपी काढली.

"हे पोटात नाही, फुप्फुसात गेलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सर्दीवर हा न्यूमोनिया त्यातून झाला."

आत्याने कुपी दूर सारली. डॉक्टरबाईंनी तिला पाणी दिलं आणि बजावलं, झोपलेल्या मांजराचे श्वास मोजा. मिनिटाला तीसच्या वर सतत गेले, किंवा ते तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर थेट दवाखाना. जबरदस्तीने घशात काही ओतायचं नाही.

इंजेक्शनं, सलाइन, वाफारा. मुकादम वाचला, पण सगळं तेल काही निघालं नाही. बाबांनी गाशा गुंडाळला, तरी शेजारीण म्हणतच होती की त्यांच्या हाताला गुण होता. परवा ती टॉवेलात शिंकणारी मांजर घेऊन आली आणि उरलेलं तेल मागू लागली.

आत्याने कात्री खाली ठेवली. शेजारणीला जवळ बसवून तिचा कान मुकादमाच्या छातीला लावला. आत बारीक शिट्टी वाजत होती.

"ऐकलंस? ही माझी भक्ती," आत्या म्हणाली. "ऊठ आता. डॉक्टरकडे जाऊ, मी येते सोबत."