बाण हलेना

शिलाई मशीनचे सुटे भाग विकणारे आमचे दुकानदार तसे भले गृहस्थ, पण संशय त्यांना एका जागी बसू देईना. पत्रव्यवहाराला ठेवलेली बाई लांबच्या गावी, आपल्या घरी बसून काम करायची. डोळ्यांसमोर नाही म्हणजे झोपा काढत असणार, हा यांचा सिद्धान्त. बायको त्या बाईला कौतुकाने 'अदृश्य' म्हणायची. "पाच महिन्यांत तिचं एक पत्र चुकलं नाही. तुमची चुकतात," असंही वर ऐकवायची.

पण मेहुण्याने डोक्यात खूळ भरलंच. त्याने कॉम्प्युटरवर सोय करून दिली, दर दहा मिनिटांनी बाईच्या स्क्रीनचा फोटो दुकानात. झालं! आमचा गडी धंदा सोडून दिवसभर फोटो बघत आणि मेहुण्याला फोनवर त्यांचं वर्णन ऐकवत बसला. बाईचे निरोप आले की घंटी वाजायची, त्याने लक्ष उडतं म्हणून घंटीही बंद केली. आता बोला!

आणि दिवस कोणता, तर निम्मा धंदा ज्या कपड्यांच्या कारखान्यावर चालायचा, त्यांचा करार संपत आलेला. नवा दर मागणारं पत्र कधीही येणार होतं. दर मीच सांगणार, बाईने परस्पर काही कळवायचं नाही, अशी यांची सक्त ताकीद.

तीन-वीसला फोटो आला. साडेतीनला दुसरा, हुबेहूब तसाच. तीन-चाळीसला तिसरा. दुकानदार खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले.

"वीस मिनिटं झाली, माउसचा बाण तसूभर हलला नाही!" ते फोनवर मेहुण्याला म्हणाले. "बाई ढाराढूर!"

"मी सांगत नव्हतो, भावजी?" मेहुण्याने तेल ओतलं. मधेच दुसरा फोन येत असल्याची टुकटुक होत होती. दुकानदारांनी तिकडे कानाडोळा केला.

चाराला दहा कमी असताना चौथा फोटोही तसाच आला आणि यांच्या डोक्यात सणकच गेली. 'उद्यापासून कामावर येऊ नका,' असं त्यांनी लिहून टाकलं. येत कुठे होती म्हणा ती! वर तिचा पासवर्डही बदलला. मग जरा बरं वाटलं.

साडेचारला बायको दुकानात आली. यांनी ऐटीत फोटो पुढे केला. "हा घे पुरावा. तुझी अदृश्य!"

बायकोने चष्मा लावला आणि फोटोतलं पत्र मोठ्याने वाचलं. "चार वाजेपर्यंत दर न कळवल्यास काम दुसरीकडे देणार, हे आपले पत्र मिळाले. मालकांशी संपर्क होत नसल्याने माझ्या जबाबदारीवर मागच्या वर्षीचाच दर कळवत आहे."

दुकानदारांनी घाईघाईने निरोप उघडले. बाईचे अकरा होते. शेवटचा तीन-अठराचा. "साहेब, फोन सारखा लावतेय, तुमचा एंगेजच लागतोय. पत्र लिहून ठेवलंय. तुमचा होकार येईल म्हणून थांबते. नाहीच आला तर चाराला पाच कमी असताना पाठवीन, मग हवं तेवढं रागवा."

त्याखाली कारखान्याचं पत्र, चार वाजून सात मिनिटांचं. काम दुसऱ्याला दिलं होतं.

"पण मग बाण का हलला नाही?" दुकानदारांनी विचारलं, तेही अगदी लहान आवाजात.

बायकोने फोटोवर बोट ठेवलं. बाण 'पाठवा' या बटणावर होता.