खुणेची पाटी सरकली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी खुणेची पाटी आहे. काळे-पांढरे चौकोन छापलेला पुठ्ठा, बस्स. कोपऱ्यात चहाचा डाग आहे. हसू नका, तुमच्याही शर्टावर असेलच.

छापखान्यातून मी थेट खेळ बनवणाऱ्यांच्या खोलीत आले. खेळ असा, की टेबलावर नसलेल्या विटांचा मनोरा सगळ्यांनी मिळून रचायचा. त्या विटा यंत्रातूनच दिसत; कुणी खास चष्म्यातून बघे, कुणी फोनमधून. प्रत्येक यंत्राची नजर निराळी. म्हणून आधी सगळ्यांनी मला बघायचं. मी जिथे, तिथे मनोऱ्याचा पाया! काय तोरा होता माझा. मग खोली आपली आपण ओळखणारे नवे चष्मे निघाले. झालं, गरज सरो, वैद्य मरो! माझ्यावर कप ठेवू लागले. जुन्या फोनांपुरती उरले मी. बसायचं एका जागी, आणि जीव सारखा वरखाली.

एके दिवशी साहेब म्हणाले, "जुने फोन आज जमले तर ठेवा, नाहीतर वगळा." खेळ रचणाऱ्या ताईचा चेहरा उतरला. आपली आई आणि लेक एकत्र खेळाव्यात म्हणूनच तिने तो मांडला होता, आणि आईकडे जुनाच फोन. तिने दोघींना बोलावून घेतलं.

जुना फोन सोबतीला, म्हणून नातीनेही चष्मा चढवून एकदा मला पाहिलं, आणि चष्म्याने पायाची जागा पक्की केली. तेवढ्यात ताईला टेबलावर धूळ दिसली. मला उचललं, ओलं फडकं फिरवलं आणि वीतभर बाजूला ठेवलं! मग आजीने माझ्यावर फोन धरला. मी आतून तडफडत होते, पण पुठ्ठ्याला तोंड कुठलं?

"आजी, वीट मनोऱ्यावर ठेव ना! बाजूला हवेत काय ठेवतेस?"

"मनोऱ्यावरच ठेवलीय. घोड्याची झापडं लावून बसलीस, तुला काय दिसणार!"

"बघितलंत?" साहेब उठले. "फोनच म्हातारा."

"म्हातारी मी आहे, आणि मला स्वच्छ दिसतंय," आजी फणकारली.

ताईची नजर हातातल्या फडक्यावर गेली, मग माझ्यावर. "साहेब, थांबा! फोन बरोबर आहे. मीच पाटी हलवली." तिने माझे कोपरे चिकटपट्टीने टेबलाला घट्ट चिकटवले. "आता दोघी एकदम बघा."

आजीची वीट नातीच्या विटेवर चपखल बसली. साहेबही बसले. "राहू द्या जुने फोन," म्हणाले.

अजूनही फडकं दिसलं की मी चिकटपट्टी घट्ट धरून बसते. मित्रांनो, एकत्र खेळायचं तर आधी सगळ्यांनी एकाच खुणेकडे बघा, आणि मग तिला हलवू नका. आणि हो, कप दुसरीकडे ठेवा.